एकाच खाटेच्या दोन बाजू: नर्सिंग आणि समाजकार्याच्या अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
नर्सिंग अभ्यास मंडळ आणि समाजकार्य अभ्यास मंडळ यांचे सर्व सन्माननीय सदस्य

स.न.वि.वि.

तुम्हा दोन्ही मंडळांना मिळून हे एकच पत्र लिहिते आहे. वेगवेगळी लिहिली असती तर ती दोन फायलींना लागली असती आणि त्या फायली एकमेकींना कधीच भेटल्या नसत्या. माझं गाऱ्हाणं नेमकं तेच आहे.

मी मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) आहे. पदाचं नाव लांबलचक, पण वॉर्डात त्या नावानं मला कुणी ओळखत नाही. निवासी डॉक्टर नातेवाइकांना सांगतात, "जा, एमएसडब्ल्यूची सही आणा." नातेवाईक दारात येऊन विचारतात, "एमएसडब्ल्यू कोण आहे?" मीही "मीच" म्हणते आणि सही करते. एमएसडब्ल्यू म्हणजे मास्टर ऑफ सोशल वर्क; पदवीचंच नाव पडलं, चालायचंच.

दरवर्षी आमच्याकडे दोन तऱ्हेच्या विद्यार्थिनी येतात. (मुलगेही येतात, पण थोडे. म्हणून मुलींबद्दलच लिहिते.) बी.एस्सी. नर्सिंगच्या मुली सकाळी आठला युनिफॉर्ममध्ये, रांगेत, खिशाला पेन आणि छोटी कात्री लावून हजर. एमएसडब्ल्यूच्या मुली आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्याला येतात. खांद्याला झोळी, हातात डायरी, आणि चेहऱ्यावर "मॅडम, आज काय करू?" हा प्रश्न. पहिल्यांचा नेमका वॉर्ड ठरलेला असतो, दुसऱ्यांना बसायला खुर्ची नसते. दोघी एकाच पेशंटकडे जातात, त्याच आईला तेच प्रश्न विचारतात आणि आपापल्या वहीत लिहून निघून जातात.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. मुलांच्या वॉर्डात नऊ वर्षांचा एक मुलगा होता. टाइप 1 मधुमेह नव्यानंच कळलेला. आई ऊसतोडीला जाणारी, वडीलही. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीकडे तो केस म्हणून दिलेला. तिनं आईला इन्शुलिन द्यायला फार सुंदर शिकवलं होतं. संत्र्यात सुई टोचून सराव, पोटावर जागा कशी बदलायची, सुईचं टोपण कसं काढायचं, सगळं. आईनं तिच्यासमोर दोनदा करून दाखवलं. त्याच आठवड्यात एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी त्याच आईशी तासभर बोलली. जिन्याखाली बसून. तिनंही काम चोख केलं. कुटुंबात किती माणसं, जमीन किती, मुकादमाकडून उचल घेतलीय का, गावाहून कधी निघणार, कोणत्या कारखान्यावर, मुलं बरोबर नेणार की आजीकडे ठेवणार. उत्तर होतं: बरोबर नेणार, दसरा झाला की निघणार.

मुलगा बरा होऊन घरी गेला. दिवाळीच्या आसपास परत आला तेव्हा अर्धा झाला होता. कारखान्याच्या गावी बेशुद्ध पडला होता, तिथल्या रुग्णालयात चार दिवस काढून वाचला होता. मी आईला विचारलं, इन्शुलिन का बंद केलं? ती म्हणाली, "बंद कुठं केलं? सिस्टरनं सांगितलं व्हतं, फ्रिजातच ठिवा. गावात किराणा दुकानदाराच्या फ्रिजात ठिवत व्हतो. तिकडं कोपीत कुठला आला फ्रिज? मग दुकानातच ठिवून आले."

तिनं सूचना अक्षरशः पाळली होती.

मी त्या संध्याकाळी दोन्ही मुलींची कागदपत्रं मागवली. नर्सिंगच्या मुलीच्या केअर प्लॅनमध्ये "नॉलेज डेफिसिट" (माहितीची कमतरता) असं निदान, पुढे शिकवलेल्या गोष्टींची यादी, आणि शेवटच्या रकान्यात "गोल मेट", म्हणजे उद्दिष्ट साध्य. खाली ट्यूटरची सही. एमएसडब्ल्यूच्या मुलीच्या रिपोर्टमध्ये अकराव्या पानावर वाक्य होतं: "सदर कुटुंब दसऱ्यानंतर सहा महिन्यांसाठी स्थलांतर करते." खाली उपस्थितीच्या रकान्यात सही होती माझी. मी अकराव्या पानापर्यंत पोचलेच नव्हते. त्या दिवशी सात मुलींचे रिपोर्ट होते आणि बाहेर सरकारी आरोग्य योजनेच्या कागदांसाठी पंधरा माणसं उभी होती. ही सबब नाही, नुसतं सांगून ठेवते.

वापरात असलेली इन्शुलिनची बाटली महिनाभर साध्या खोलीच्या तापमानात चालते, उन्हातान्हात नको एवढंच. आणि जादा बाटल्यांसाठी, फ्रिज नसेल तिथे, मोठ्या माठात ओली वाळू आणि त्यात छोटं मडकं, हा उपाय मधुमेहाचं काम करणाऱ्यांना जुना ठाऊक आहे. नर्सिंगच्या मुलीला हे पुस्तकातून माहीत होतं. तिला ते सांगायची गरज कळली नाही, कारण हे घर सहा महिने पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहतं हे तिला ठाऊक नव्हतं. ज्या मुलीला ते ठाऊक होतं, तिला इन्शुलिन कुठे ठेवतात हे माहीत नव्हतं. दोघी आठवडाभर एका खाटेच्या दोन बाजूंना होत्या. एकमेकींचं नावही त्यांना माहीत नव्हतं. मी नंतर विचारलं तेव्हा एक म्हणाली, "ती झोळीवाली का?"

आता तुमच्याकडे येते.

दोन्हींचे अभ्यासक्रम मी वाचले आहेत. नर्सिंगच्या पहिल्याच सत्रात उपयोजित समाजशास्त्र आहे. छान आहे. मुली एकत्र कुटुंब आणि विभक्त कुटुंबाच्या व्याख्या पाठ करतात, पाच मार्कांचं उत्तर लिहितात, आणि तिसऱ्या वर्षी पेशंटच्या बाबतीत "फॅमिली टाइप: न्यूक्लिअर" एवढी नोंद करतात. मग कम्युनिटी पोस्टिंगला जाऊन झाडाखाली हेल्थ टॉक देतात. चार्टवर स्केचपेननं काढलेली द्राक्षं, अंडी, दुधाचा ग्लास. समोर बसलेल्या बायकांपैकी निम्म्या अंडी विकणाऱ्या. समाजकार्याच्या बाजूला वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्य असं विशेषीकरण आहे, त्यात आजारांची नावं, लक्षणं, "रुग्णावर होणारा मानसिक-सामाजिक परिणाम" असे धडे. पण औषध कधी, किती, कशाबरोबर, हे विचारायचं धाडस त्या मुलींना होत नाही. "ते आमचं काम नाही मॅडम." बरोबर. आणि पेशंटचं रेशनकार्ड पिवळं की केशरी हे नर्सचं काम नाही. तिला हेही माहीत नसतं की ते कार्ड आणि आधार घेऊन माणसाला त्याच इमारतीतल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे आरोग्य योजनेचं काम बघणाऱ्याकडे, पाठवायचं असतं. म्हणून ती त्याला माझ्याकडे पाठवते, मी आरोग्यमित्राकडे पाठवते, आणि तो तोवर जेवायला गेलेला असतो.

ही फारकत कशी झाली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तरी मांडते. 1998 साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला स्थापन झालं आणि वैद्यकीय, दंत, नर्सिंग, फिजिओथेरपी अशी आरोग्याची महाविद्यालयं पारंपरिक विद्यापीठांतून निघून तिकडे गेली. समाजकार्य महाविद्यालयं मागेच राहिली. पदवी प्रादेशिक विद्यापीठाची, आणि अनुदानित असेल तर अनुदान सामाजिक न्याय विभागाचं. नर्सिंगवर भारतीय परिचर्या परिषदेचं, म्हणजे 1947 च्या कायद्याचं छत्र. समाजकार्याला स्वतःची वैधानिक परिषद कधीच मिळाली नाही. त्यामुळे एकीकडे मान्यता, तपासणी, नोंदणी क्रमांक, आणि दुसरीकडे "आम्हीही प्रोफेशनल आहोत हो" असं सांगत फिरणं. 2021 मध्ये सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांचा राष्ट्रीय कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्यकर्ते चक्क आले. मला वाटलं, आता एका ताटात बसू. 2023 मध्ये नर्सिंग आणि मिडवाइफरीसाठी वेगळा आयोग नेमणारा कायदा आला. ताटं पुन्हा दोन.

मनोविकार समाजकार्याचा तर आणखी वेगळाच घोळ. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोविकार समाजकार्यकर्ता कोण, याच्या व्याख्येत दोन वर्षांची एम.फिल. लिहिली आहे. 2022 च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमांनी एम.फिल.च बंद केली. मग या शाखेला 2025-26 पर्यंत मुदतवाढ द्यावी लागली. कायदा ज्या पायरीवर उभं राहायला सांगतो, ती पायरी दुसरं खातं काढून घेतं. तुम्ही म्हणाल, हा आमचा विषय नाही. खरं आहे, पण मी सगळ्यांकडून हेच ऐकत आले आहे.

आपल्याकडे हे पूर्वीपासून असंच होतं असंही नाही. पुण्याचं सेवासदन 1909 चं. रमाबाई रानड्यांनी तिथल्या बायकांना, त्यात कित्येक विधवा, ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला पाठवलं. एकाच घरात शिवण, शाळा, शुश्रूषा आणि समाजसेवा. कुठल्या मंडळाची परवानगी लागली असेल, देव जाणे. टाटा समाजविज्ञान संस्था म्हणजे आजची टिस 1936 साली सुरू झाली ती नागपाड्यात, नेबरहूड हाउसमध्ये, जे. जे. रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आणि 1946 साली देशातल्या पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली ती त्याच जे. जे.मध्ये. 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केलेल्या आरोळे या डॉक्टर दांपत्यानं गावातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्याचं काम शिकवलं, तेव्हा त्यांनी ताप कुठे संपतो आणि सासू कुठे सुरू होते असे दोन पेपर काढले नाहीत.

बाहेरच्यांचं उदाहरण द्यायचं तर डेन्मार्कचं देते. तिथे 2008 पासून प्रोफेशन्सहोइस्कोले नावाच्या मोठ्या संस्था आहेत. आधीची वेगवेगळी नर्सिंग, अध्यापन आणि समाजकार्याची विद्यालयं एकत्र करून त्या उभ्या केल्या. आज अशा सहा आहेत. नर्स आणि समाजकार्यकर्ता दोघांचंही शिक्षण साडेतीन वर्षांचं, दोन्ही पदवीच्याच दर्जाचं, आणि दोघंही त्याच संस्थेची मुलं. मला तिथल्या इमारती नकोत आणि साडेतीन वर्षंही नकोत. फक्त एक गोष्ट डोळ्यांत भरते: तिथे नर्स पदवीधर आणि समाजकार्यकर्ता पदव्युत्तर अशी उतरंड नाही. आपल्याकडे ती आहे आणि वॉर्डात तिचा त्रास होतो. एमएसडब्ल्यूची तेवीस वर्षांची मुलगी एकोणिसाच्या नर्सिंगवालीला "बाळा" म्हणते. नर्सिंगवाली तिच्याकडे "हिला साधं बीपी घेता येत नाही" अशा नजरेनं बघते. दोघींचा राग समजण्यासारखा आहे, पण त्या रागाला पेशंट सापडतो.

तुम्ही मला विचाराल, बाई, तुम्हाला हवंय काय? नवा विषय नको. कृपा करून "आंतरव्यावसायिक आरोग्यशिक्षण" असा शंभर मार्कांचा पेपर काढू नका. त्याच्या गाईड दोन महिन्यांत बाजारात येतील आणि मुली त्या पाठ करतील. माझी मागणी एका केसची आहे. नर्सिंगच्या तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षातली एक मुलगी आणि एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी, अशी जोडी लावायची. त्यांना एक पेशंट द्यायचा, भरतीपासून घरी जाईपर्यंत. दोघींनी मिळून एक डिस्चार्जचा कागद लिहायचा, पेशंटच्या भाषेत, एका पानावर. त्यात औषध कुठे ठेवणार, कोण देणार, पुढच्या तारखेला एसटीचं भाडं कोण देणार, कामावर कधी जाणार, मुकादमाला काय सांगणार, हे सगळं यायला हवं. आणि तोंडी परीक्षा दोघींची एकत्र, दोन्ही बाजूंच्या परीक्षकांसमोर. पहिल्या वर्षी एका जिल्ह्यात करून बघा. राज्यभर नको.

वेळापत्रक जमणार नाही असं कुणीतरी लगेच म्हणेल. मी सांगते, जमतं. नर्सिंगच्या मुली वॉर्डात रोज असतात. समाजकार्याचे क्षेत्रकार्याचे दोन दिवस ठरलेले असतात. त्यातला एक दिवस सकाळी आठ ते बारा वॉर्डासाठी धरला की झालं. कॉलेजं बहुतेक ठिकाणी एकाच शहरात आहेत, काही ठिकाणी एकाच रस्त्यावर. आमच्या गावात तर दोघींची मेस सुद्धा एकच आहे, तिथे त्या भाजी मागतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत.

मार्क कसे द्यायचे हा प्रश्न मात्र खरा आहे. आज नर्सिंगच्या जर्नलला मार्क मिळतात ते किती पानं भरली यावर, आणि समाजकार्याच्या रिपोर्टला स्पायरल बाइंडिंग किती जाड यावर. मी स्वतः अशा फायली बघितल्या आहेत की ज्यात चार वर्षांपूर्वीच्या सीनियरचा पेशंट पुन्हा तेवढ्याच वयाचा, त्याच गावचा, त्याच तक्रारीचा येऊन बसतो. माणूस म्हातारा होत नाही. एक पान मागा, आणि ते पेशंटच्या घरी सहा आठवड्यांनी फोन करून तपासा. पेशंटला ते पान सापडलं का, वाचता आलं का, त्यातली एक तरी गोष्ट केली का. यावर मार्क द्या. कितीशा मुली नापास होतील, याची मलाही भीती वाटते. पण सध्या नापास पेशंट होतो.

आणखी दोन गोष्टी, ज्या तुमच्या हातात थोड्याच आहेत, तरी तुमच्या कानावर असाव्यात. नर्सिंगच्या मुलींना आमच्यासारख्या ठिकाणी शिकायला पाठवतात की कमी पडलेला स्टाफ भरून काढायला, याचा निर्णय कुणी तरी एकदा घ्यावा. सकाळच्या पाळीत सगळ्या ताटांच्या, तापमापकांच्या, सॅम्पल पोचवायच्या कामात त्यांची पोस्टिंग जाते. तशीच समाजकार्याची मुलगी माझ्याकडे आली की मीही तिला योजनेच्या फॉर्मच्या ढिगापुढे बसवते. कबूल करते. पंधरा माणसं बाहेर उभी असतात आणि तिचं अक्षर चांगलं असतं. ती "शिकली" का? ऑनलाइन फॉर्म भरायला शिकली. इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स नावाची आठवड्याची बैठक असते, तिच्यात विद्यार्थिनीनं आपल्या कामावर बोलायचं आणि मार्गदर्शकानं ऐकायचं असतं. माझ्याकडे ती चहाच्या पाच मिनिटांत होते. रुग्णालयातल्या मार्गदर्शकाच्या वेळेचा एक तास तरी अभ्यासक्रमात लिहा, म्हणजे मी अधिष्ठात्यांना तो कागद दाखवू शकेन. आज मी काहीच दाखवू शकत नाही.

दुसरी गोष्ट बसभाड्याची. समाजकार्याची मुलं क्षेत्रकार्यासाठी स्वतःच्या खर्चानं फिरतात. पाड्यावर, वीटभट्टीवर, पाचट जाळलेल्या रानात. शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही तर ती मुलगी "सर, आज एजन्सी (म्हणजे क्षेत्रकार्याची संस्था) बंद होती" असं खोटं लिहिते. मी तिला खोटारडी म्हणायला धजत नाही.

नर्सिंगच्या काही प्राध्यापिकांनी मला तोंडावर सांगितलं आहे की, "आमच्या मुलींना तुम्ही कारकून बनवाल." समाजकार्याच्या काही सरांनी सांगितलं आहे की, "आमची मुलं डॉक्टरांच्या हाताखाली जातील, मग समाजबदलाचं काय?" दोन्ही भीती मला मान्य आहेत. समाजबदल व्हावा असं मलाही वाटतं; ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला मुलाला बरोबर न्यावं लागू नये, यासाठी भांडायला समाजकार्याचंच शिक्षण लागतं. पण तो बदल होईपर्यंत ती बाई कोपीत राहणार आहे, आणि तिच्या मुलाला रोज सुई लागणार आहे.

तो मुलगा आता मोठा आहे. दर दोन-तीन महिन्यांनी येतो. गेल्या वर्षी आई सांगत होती की तिनं कारखान्यावर कोपीच्या आतल्या कोपऱ्यात दोन मडक्यांची सोय केली, तर शेजारच्या कोपीतल्या बायका विचारायला आल्या, हे काय भूत बसवलंयस म्हणून. मग त्यांच्यातल्या एकीनं आपल्या सासऱ्याचं इन्शुलिन तिथे आणून ठेवलं. मडकं कसं लावायचं, वाळू कितपत ओली ठेवायची, हे त्या आईला आमच्या कुठल्याच विद्यार्थिनीनं एकटीनं शिकवलं नाही. दुसऱ्या वेळेस डिस्चार्ज देताना मी त्या दोन्ही मुलींना हाताला धरून एकत्र त्याच खाटेपाशी आणलं होतं. नर्सिंगची मुलगी म्हणाली, वाळू ओली हवी. झोळीवाली म्हणाली, यांच्या कारखान्याच्या जागेवर पाण्याचा टँकर दोन दिवसांनी येतो. मग दोघी आणि ती आई, तिघी मिळून किती पाणी लागेल ते मोजत बसल्या. मी तिथून निघाले, कारण बाहेर सहीसाठी रांग होती.

मंगळवारी आणि शुक्रवारी दोन्हीकडच्या मुली वॉर्डात असतात. मंडळाच्या बैठकीआधी तुमच्यापैकी कुणी दोघं, एका मंडळातले एक आणि दुसऱ्यातले एक, सकाळी नऊच्या सुमारास आलात तर बरं होईल. चहा माझ्याकडे. खुर्च्यांचं मात्र बघावं लागेल.

आपली नम्र,
एक समाजसेवा अधीक्षक